काट्यांचा उंबरठा

शिरखाडीच्या टेकाडावर घर नाही, नुसता उंबरठा आहे. काळ्या दगडाचा, चार हात लांब, मधोमध झिजून खोलगट झालेला. भिंती केव्हाच पडल्या, छप्पर उडालं, चौकटीचं लाकूड वाळवीने खाल्लं. मागे करवंदीची जाळी आणि पुढे उतार. उताराच्या तळाशी खाडी समुद्राला मिळते, तिथे दर्यामाउलीचं पांढरं चर्च आहे. गावातली जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. उंबरठ्याच्या त्या खोलगट भागात माशांचे काटे पडलेले दिसतात. पाहुण्यांना वाटतं, कावळ्यांनी आणून टाकले असतील. पण कावळा काटे धुऊन टाकत नाही, आणि हे काटे धुतलेले असतात.

इनासमामा पाहुण्यांना आधी चर्चमध्ये नेतात. चाळीस वर्षं त्यांनी तिथली घंटा वाजवली आहे. वेदीवरच्या कापडाला चार बोटं रुंदीची लेस लावलेली आहे, ती ते दाखवतात आणि मग टेकाडावर आणतात. एका वर्षी पुण्याची एक बाई आली होती. ती स्वतः लेस विणणारी. तिने चष्मा लावून ती लेस बोटाबोटाने पाहिली आणि विचारलं, "हिची भोकं सारखी का नाहीत? टाचण्या कसल्या वापरतात?"

"माशाचे काटे," इनासमामा म्हणाले.

बाई हसली. "काका, मासळीचा काटा ओला असला तर वाकतो, वाळला की मोडतो. शिवाय सुताला तेल लागतं ते वेगळंच. त्याच्यावर लेस होणं शक्यच नाही."

"ती बाई पण हेच म्हणाली होती."

"कोण बाई?"

"दोना उर्सुला," इनासमामा म्हणाले. "बसा. उन्हं उतरेपर्यंत सांगून होईल."

असं सांगतात की फिरंग्यांच्या अमलात शिरखाडीला किल्ला होता. त्या किल्ल्याच्या किल्लेदाराची बहीण ही दोना उर्सुला. नवरा परदेशात मेला, मूलबाळ नाही, भावाकडे येऊन राहिली. तिच्या देशात बायका उशीवर लेस विणत. भुशाने गच्च भरलेली उशी मांडीवर घ्यायची, तिच्यावर नक्षीचा कागद लावायचा, नक्षीच्या प्रत्येक वळणाला टाचणी टोचायची. लाकडाच्या छोट्या खुंट्यांना सूत गुंडाळून त्या एकमेकींवरून ओलांडत जायचं. टाचणी सुताला धरून ठेवते, म्हणून वळण वळणावर राहतं. वीण बसली की मागच्या टाचण्या काढून पुढे टोचायच्या. दोनाने किल्ल्याच्या आवारात एक खोली उघडली आणि गावातल्या सात कोळणी विणायला बसवल्या. टाचण्या पितळेच्या, जहाजातून आलेल्या. त्या तिला जिवापेक्षा प्रिय होत्या. गावातल्या बायका तिला आवडत नव्हत्या. त्यांच्या हाताला मासळीचा वास येतो म्हणून ती प्रत्येकीला दारात लिंबाने हात चोळायला लावी.

त्या सात जणींत कातरीन होती. दुमिंग तांडेलाची बायको. वय असेल पंचविशीचं. कमी बोलणारी, आणि बोलली की मागे न घेणारी. बोटं मात्र अशी चालत की दोनासुद्धा कधी कधी तिच्यामागे उभी राहून बघे आणि काही न बोलता पुढे जाई.

आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशी दुमिंगची होडी वादळात सापडली होती. तीन दिवस पत्ता नव्हता. तेव्हा कातरीनने माउलीला नवस केला, की माझं माणूस परत आण, पुढच्या सणाला तुझ्या वेदीला नऊ हात रेंद माझ्या हाताने विणून घालीन. लेसला तेव्हा रेंद म्हणत. चौथ्या दिवशी दुमिंग फुटक्या होडीतून परत आला. कातरीन घरी स्वतःच्या उशीवर, भाताच्या तुसाने भरलेल्या, नवसाची रेंद विणू लागली. सूत तिचं स्वतःचं होतं. टाचण्या दोनाच्या, तिच्या परवानगीने आणलेल्या, मूठभर. तीन हात रेंद झाली होती, तेव्हा ते घडलं.

कार्तिकातल्या एका सकाळी दोनाने फार दिवसांनी टाचण्यांची साठ्याची पेटी उघडली आणि ती ओरडली. पेटी निम्मी रिकामी होती, म्हणे. सातही जणींना तिने रांगेत उभं केलं, त्यांचे अंबाडे सोडायला लावले, लुगड्यांचे पदर झटकायला लावले. काही मिळालं नाही. मग तिची नजर कातरीनवर थांबली.

"टाचण्या घरी नेणारी तू एकटी."

"तुम्ही दिलेल्या तेवढ्याच नेल्या. त्या घरी हायत. त्याच्या वर एक नाय."

"चोर असंच म्हणतात."

"चोर काय म्हणतात ते मला नाय ठाऊक," कातरीन म्हणाली. "मी नाय घेतल्या."

बाकीच्या सहा जणींनी खाली बघितलं. त्यांतली एक मोनिका, कातरीनची जाऊ, दुमिंगच्या थोरल्या भावाची बायको.

शिपायांनी कातरीनचं घर उचकलं. मूठभर टाचण्या होत्या त्या घेऊन गेले. बाकीच्या सापडल्या नाहीत. दोनाला तेवढ्याने समाधान नव्हतं. तिने भावाच्या मागे लकडा लावला, आणि दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने गावातल्या साऱ्या होड्यांची सुकाणू काढून किल्ल्यात नेली. टाचण्या मिळतील किंवा चोर कबूल होईल, तेव्हा सुकाणू परत.

तो पापलेटाचा ऐन हंगाम होता. समुद्र शांत, वारा जमिनीवरून. होड्या वाळूत पालथ्या पडल्या आणि माणसं त्यांच्या सावलीत बसून राहिली. आठ दिवसांनी घरातला सुका बोंबील संपला. बारा दिवसांनी लोक खाडीतली कालवं खरवडून खाऊ लागले. खरवडायला सगळा गाव उतरल्यावर कालवं तरी किती पुरणार?

मग गाव कातरीनच्या दारात आला. पुढे पाटील, बास्त्याव त्याचं नाव.

"कबूल कर, पोरी," तो म्हणाला. "फटके देतील, नाय तर वर्षभर देवळाभायेर उभी करतील. त्याच्याने मरत कोण नाय. हितं पोरं उपाशी हायत."

"मी घेतल्या नायत, तर कबूल काय करू?"

"घेतल्यास की नाय, हे इचारायला आलो नाय मी."

कातरीनला हे ऐकून काय वाटलं, ते सांगणारं कुणी नाही. एवढंच सांगतात की तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणापासून ओळखीची तोंडं. कुणीही ती चोर आहे असं म्हणत नव्हतं. ती चोर नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे तिने चोर व्हावं म्हणून दारात उभे होते. शेवटी तिने दुमिंगकडे पाहिलं. तो गर्दीत मागे उभा होता.

"तू पण?"

"मला दर्यावर जायाचा हाय," दुमिंग म्हणाला.

तिने दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी दुमिंग आपलं जाळं आणि पांघरूण घेऊन भावाकडे राहायला गेला. ज्याला समुद्राने परत दिलं होतं, त्याला ती गावात ठेवू शकली नाही.

सतराव्या दिवशी मोनिका किल्ल्यावर गेली. पाटील बरोबर होता. मोनिकाने क्रुसावर हात ठेवून सांगितलं, म्हणे, की कातरीनने टाचण्या चोळीत लपवून नेल्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. पाटलाने सांगितलं, गावाचंही तेच म्हणणं आहे. त्याच दुपारी सुकाणू परत मिळाली. होड्या भरतीबरोबर बाहेर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मासळीचे ढीग पडले.

कातरीनला पंचवीस फटके मिळाले. विणायच्या खोलीत पाऊल नाही, देवळात पाऊल नाही. प्रार्थनेच्या वेळी बाहेर, पायरीखाली, उभं राहायचं. ती उभी राहिली. तिच्या अंगावरून लोक आत जात आणि बाहेर येत. कुणी तिच्याकडे बघत नसे.

इथे इनासमामा थांबतात. पाहुण्यांना ते विचारतात, आता लोकांचा राग निवायला हवा होता की नाही? होड्या मिळाल्या, मासळी मिळाली. तर नाही. राग वाढला. जो खोटं बोलतो त्याला खऱ्या माणसाचं तोंड बघवत नाही. ती गावात असेतो त्यांना आपण काय केलं ते रोज दिसणार होतं. ती निघून गेली असती तर बरं झालं असतं. तिने जावं म्हणून काय करायचं? एका सकाळी कुणीतरी मासळी साफ केल्यावरची घाण, डोकी, आतडी, काटे, तिच्या उंबरठ्यावर आणून ओतली. दुसऱ्या दिवशी दोघांनी. आठवड्याभरात तो रिवाजच पडला. बायका मासळी कापून झाली की पाटी डोक्यावर घेऊन टेकाड चढत आणि तिच्या दारात उपडी करून जात. मोनिकाची पाटी सगळ्यात मोठी असे. माश्या घोंगावत, मांजरं भांडत, वास उतरून थेट देवळापर्यंत जाई.

कातरीन रोज सकाळी दार उघडे, खराट्याने घाण ओढून नारळाच्या मुळाशी पुरे, उंबरठा पाण्याने धुवे आणि आत जाई. तिने कुणाला शिवी दिली नाही. त्याचाही लोकांना राग आला.

नवसाची तीन हात रेंद उशीवर तशीच होती. सहा हात बाकी, आणि सणाला तीन महिने. सूत होतं, खुंट्या होत्या, टाचणी एकही नव्हती. तिची आई खालच्या पाड्यातून लपत आली आणि म्हणाली, "सोड आता. ज्याच्यापायी बोललीस तो तुझ्या घरात ऱ्हायला नाय. कसला नवस नि काय?"

"नवस माउलीला बोललेय," कातरीन म्हणाली. "दुमिंगला नाय."

तिने आधी बाभळीचे काटे आणून पाहिले. ते जाड, सूत फाकवत, आणि त्यांचा तपकिरी डाग पडे. बांबूच्या काड्यांना कुसं निघत. मग एका सकाळी उंबरठा झाडताना खराट्यात एक काटा अडकला. तो तिने ओढून काढला, बोटावर टोचून पाहिला आणि बराच वेळ हातात धरून ती तिथेच बसून राहिली. त्या दिवशी तिने घाण पुरली नाही. पाण्यात कालवून, निवडून, एकेक काटा वेगळा काढला.

पुण्याच्या बाईला इनासमामांनी हे सगळं नीट सांगितलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. बांगड्याचा काटा मऊ, टोचला की वाकतो. पाला नावाच्या माशाला काटेच काटे, बारीक आणि सुंदर, पण खुंटीचा ताण बसला की तुटतात. शिंगाळ्याचा काटा लोखंडासारखा, पण त्याला करवतीसारखे दाते, सूत कातरून टाकतो. महिना असाच गेला. एक वीतभर रेंद झाली, तिच्यावर तेलाचे पिवळे डाग पडले. ते डाग कधी निघाले नाहीत.

मग तिच्या हाती टोळाचे काटे आले. टोळ म्हणजे लांब चोचीचा मासा. त्याचे काटे हिरवे असतात, शिजवले तरी हिरवेच. हिरव्या काट्याचा मासा अशुभ म्हणून काही बायका तो खात नसत, तसाच टाकून देत. म्हणून तिच्या दारात टोळ अख्खे पडत. तिने ते काटे राखेच्या पाण्यात उकळले, तेव्हा तेल सुटलं. उन्हात वाळवले तर तडकत, म्हणून सावलीत वाळवले. माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या खरखरीत हाडावर, फेण्यावर, घासून गुळगुळीत केले. तरी तीनातला एक मोडायचा. पण दोन टिकायचे. आणि पांढऱ्या सुतात हिरवा काटा लांबूनही दिसायचा, त्यामुळे डोळ्यांना त्रास नव्हता. जिथे ताण फार, तिथे ती दोन काटे शेजारी टोचायची. म्हणूनच भोकं सारखी नाहीत.

रोज सकाळी गाव तिच्या दारात घाण ओतून जाई, आणि ती त्यातून दुसऱ्या दिवसाच्या टाचण्या निवडून घेई. ते कुणालाही माहीत नव्हतं.

एक अडचण राहिली. काट्याला डोकं नसतं. टोचताना जरा जोर झाला की तो उशीत आत जाई आणि दिसेनासा होई. काटे फार जात म्हणून तिने प्रत्येकाच्या टोकाला मेणाचा थेंब लावला. तरीही जात. एका दुपारी उशी टोचू लागली तेव्हा तिने शिवण उसवली आणि तूस परातीत ओतलं. तुसात शंभरभर काटे निघाले.

परातीत हात तसाच ठेवून ती बसली, म्हणे. दोनाच्या टाचण्यांची डोकी मोहरीपेक्षा लहान होती. दोनाची उशी मोठी, लाकडाच्या भुशाने भरलेली, आणि त्या उशीला दोना कुणाला हात लावू देत नसे, जाई तिथे पालखीतून बरोबर नेई. खोली उघडल्यापासून पाच वर्षांत त्या उशीची शिवण एकदाही उसवलेली नव्हती.

ती उठली आणि सरळ पाटलाकडे गेली. त्याला सारं सांगितलं. "दोनाची उशी उसवायला सांग. टाचण्या तिच्या उशीत हायत."

बास्त्याव पाटील जाळं सांधत होता. त्याने वर पाहिलं नाही. पण त्याला ते पटलं, हे तिने त्याच्या हातावरून ओळखलं. सुई जाळ्यात थांबली होती.

"आता गप ऱ्हा," तो म्हणाला. "सुकाणू मिळालीत. गावाने क्रुसावर शपथ घेतलीय. टाचण्या निघाल्या तर गाव खोटं ठरंल, नि किल्लेदार सगळ्यांची चामडी सोलील."

"नि माजी सोलली ती?"

"तुजी सोलून झालीय. ती काय परत येतेय?"

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात रोजच्या दुप्पट घाण पडली.

माघ महिन्यात माउलीचा सण आला. सगळा गाव नवे कपडे घालून देवळापुढे जमला, किल्ल्यावरून किल्लेदार आला, दोना उर्सुला काळ्या पोशाखात पालखीतून उतरली. तेवढ्यात टेकाडावरून कातरीन उतरली. डोक्यावर एक पाटी, काखेत उशी. लोकांनी वाट दिली, कारण तिचा स्पर्श कुणाला नको होता. ती पायरीखाली आपल्या जागी थांबली, पाटीतून गुंडाळी काढली आणि उलगडली. नऊ हात रेंद. म्हातारा पाद्री पायरी उतरून आला, त्याने ती हातात घेतली आणि रेंदीकडे बघत राहिला.

दोना पुढे झाली. "बघा!" ती म्हणाली. "आता कुणाला पुरावा हवा का? टाचण्यांशिवाय रेंद होते? ही रेंद माझ्या टाचण्यांवर झाली आहे."

"मासळीच्या काट्यांवर झालीय," कातरीन म्हणाली.

आधी किल्ल्याची माणसं हसली, मग गावही हसला. गाव थोडा जोरातच हसला.

"तीस वर्षं मी हे काम करते," दोना पाद्रीला म्हणाली. "मासळीचा काटा ओला वाकतो, वाळला मोडतो. त्यावर रेंद होत नाही. होणं शक्य नाही. देवाच्या दारात उभी राहून ही खोटं बोलते आहे."

पाद्री कातरीनला म्हणाला, "करून दाखव."

ती तिथेच, पायरीखालच्या धुळीत बसली. उशी मांडीवर घेतली, पाटीतून हिरवे काटे काढून पदरावर पसरले आणि विणू लागली. ऊन वर चढत होतं. कुणी हललं नाही. पहिला काटा मोडला, लोकांतून हुर्यो उठली. दुसरा बसला. तिसरा बसला. चौथा मोडला. तिने मोडकं टोक काढून फेकलं आणि नवा घेतला. बोटांना रक्त आलं की ती बोट जिभेवर ठेवी आणि पुन्हा खुंटी उचले. हळूहळू लोकांची हुर्यो कमी झाली. लाकडी खुंट्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. पुढे उभ्या असलेल्या बायका त्या काट्यांकडे बघत होत्या. आपल्याच चुलीपुढून गेलेले काटे. ते कुणी, कुठे, कशासाठी ओतले होते, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मोनिकाने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

दुपार कलली तेव्हा चार बोटं रेंद झाली होती. कातरीनने एकेक काटा उपटला आणि तो तुकडा पाद्रीच्या हातात दिला. त्याने तो नऊ हात रेंदीशी धरून बघितला, तीच वीण, तीच वाकडीतिकडी भोकं.

दोना हार जाणारी नव्हती. "ठीक आहे," ती म्हणाली. "काट्यांवर विणलीस. म्हणून माझ्या टाचण्या घेतल्या नाहीस असं कुठे ठरतं?"

"नाय ठरत," कातरीन म्हणाली. "तुमची उशी उसवा. मग ठरंल."

पाटील बास्त्याव तेवढ्यात मागे सरकला. ते दोघातिघांनी पाहिलं.

"माझी उशी?" दोना हसली. तिला खरोखरच खात्री होती. तिने पालखीतून उशी मागवली, किल्लेदाराच्या कमरेचा सुरा काढून घेतला आणि सगळ्या गावासमोर उशी एका फटक्यात फाडली. भुसा भळभळा खाली आला. भुशाबरोबर पितळ आलं. पिवळ्याजर्द टाचण्या, काही सरळ, काही वाकलेल्या, मुठीवर मुठी, पाच वर्षांच्या. पायऱ्यांवरून घरंगळत त्या कातरीनच्या पायांपर्यंत आल्या.

दोना उर्सुला खाली बसली आणि टाचण्या गोळा करू लागली. सगळ्या गोळा होईपर्यंत ती उठली नाही, आणि उठल्यावर कातरीनकडे न बघता पालखीत बसून निघून गेली. आपलं चुकलं असं ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. विणायची खोली तिने बंद केली आणि पुढल्या जहाजाने ती आपल्या देशी गेली, असं सांगतात. किल्लेदाराने गावाला काय शिक्षा केली, ते कुणी सांगत नाही. ते गावाने विसरायचं ठरवलं असावं.

पाद्री म्हणाला, "कातरीन, आत ये. रेंद तुझ्या हाताने वेदीला घाल."

तिने रेंद पायरीवरून त्याच्याकडे दिली. "नवस रेंदीचा होता," ती म्हणाली. "आत यायचा नव्हता." आणि ती उशी काखेत घेऊन टेकाड चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात घाण नव्हती. माणसं होती. सगळा गाव, पाटील धरून. कुणी तांदूळ आणले होते, कुणी लुगडं, पाद्रीने मिळवून दिलेली पितळेच्या टाचण्यांची एक नवी पुडी एका बाईच्या हातात होती. दुमिंग जाळं खांद्यावर घेऊन आला होता, परत राहायला. मोनिका सगळ्यांच्या पुढे गुडघ्यांवर बसली होती आणि रडत होती.

कातरीनने दार उघडलं.

"भुकेपायी बोलले गो," मोनिका म्हणाली. "पोरं उपाशी व्हती. माफ कर."

"पोरं उपाशी व्हती म्हणून शपथ घेतलीस," कातरीन म्हणाली. "पोरं जेवल्यावर पाटी कशापायी ओतलीस?"

दुमिंग एक पाऊल पुढे आला, तर कातरीनने दार अर्धं ओढलं आणि तो थांबला.

"तांदूळ न्या," ती म्हणाली. "पितळ न्या. मला तुमचं कायएक नको. पण पुढल्या सणाला माउलीला नवी रेंद लागंल, नि ती मीच विणणार. तुमी काटे टाकायचे थांबलात तर मी कशावर विणू? टाका. टाकत होता तसेच टाका."

तिने दाराला हात घातला.

"आता धुऊन टाका."

आणि तिने दार लावलं.

ती पुढे चाळीस वर्षं जगली, म्हणे. गावाशी एक अक्षर बोलली नाही, दुमिंगशीही नाही. विणायला शिकायचं म्हणून येणाऱ्या मुलींना तिने शिकवलं, पण त्यांच्या आयांना उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. दर सकाळी कुणी ना कुणी धुतलेले काटे दारात ठेवून मुकाट्याने परत जाई. ती गेली त्या वर्षी तिच्याकडे शिकलेल्या दोघींनी तिची उशी पुढे चालवली, आणि बायका काटे आणत राहिल्या. घर पडलं तरी आणत राहिल्या.

आजही माउलीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी शिरखाडीच्या प्रत्येक घरातली बाई काटे धुऊन टेकाडावर येते, उंबरठ्यावर ठेवते आणि कुणाशी न बोलता उतरते. त्यांतले टोळाचे हिरवे काटे विणणाऱ्या तीन बायका निवडून नेतात, बाकीचे पावसात वाहून जातात. पहिली पाटी मोनिकाच्या घरातून जावी लागते. इनासमामा हे सांगतात तेव्हा पाहुण्यांकडे बघत नाहीत, कारण मोनिका त्यांच्याच घरातली. गेल्या वर्षी त्यांची नवी सून पाटी घेऊन निघाली, तेव्हा तिने विचारलं, "मामा, हे असं किती वर्षं करायचं?"

"ते तिने सांगितलं नाय," इनासमामा म्हणाले. "जा. ऊन व्हायच्या आत ठेवून ये."